वळण्याचा क्यू

शनिवार, तेरा डिसेंबर. स्टाफरूम, मधली सुट्टी.

हजर: गायकवाड सर (संगीत, येत्या उन्हाळ्यात निवृत्त), मी (अकाउंट्स, आणि दर वर्षी गॅदरिंगचं बॅकस्टेज), दोन विद्यार्थी प्रतिनिधी, कोरसमधली काही मुलं, त्यातली एक सारखी खोकणारी. चहा घेऊन आलेले शिपाई काका, जे चहा देऊन झाल्यावरही दाराशी थांबले. गैरहजर: प्राचार्य. त्यांना दुसरी मीटिंग होती.

विषय एकच. या वर्षी गॅदरिंगला काय बसवायचं. एकांकिका, लावणी, फ्यूजन अशी नेहमीची नावं झाली. मग प्रतिनिधी मुलगी सरांना म्हणाली, "सर, तुम्ही एकदा ऑपेरा केला होता ना? सीनियर्स सांगतात. त्यात म्हणे हिरो वळलाच नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिनिट्सच्या वहीकडे.

"रेकॉर्डिंग आहे ना मॅडम तुमच्याकडे?" मुलगी म्हणाली. "आम्हाला दाखवा ना एकदा. अंदाज येईल."

"आहे," मी म्हणाले. "पण ते माझं नाही. विचारावं लागेल."

आणि यादीत लिहिलं: भूषणला विचारणे.

आता घरी बसले आहे. गच्चीवर ऊन उतरतीला लागलंय आणि नाशिकची ती थंडी, जी डिसेंबर अर्धा झाला की सांगून आल्यासारखी येते, पायाच्या बोटांपासून सुरू झाली आहे. कॉलेजात या दिवसांत एक ठरलेला वास असतो. बंद असलेल्या हॉलचा, पडद्यातल्या धुळीचा, स्वेटरमधल्या डांबरगोळ्यांचा. सकाळी निफाडकडून येणारी मुलं सांगतात की बागांमध्ये शेकोट्या पेटवल्यात, द्राक्षमण्यांना थंडी बाधू नये म्हणून. त्यांच्या कपड्यांना तो धूर असतो. तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात आमच्या नरकाच्या कोरसला नेमका हाच वास यायचा, आणि सर म्हणायचे, "वा! नरक नैसर्गिक जमलाय."

ऑपेरा ही सरांची आयुष्यभराची हौस. शरणपूरच्या चर्चमध्ये त्यांनी लहानपणापासून ऑर्गन वाजवला. तिथल्याच एका जुन्या कपाटात त्यांना तीनेकशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन ऑपेराचे कागद सापडले होते, अर्धे वाळवीने खाल्लेले. गोष्ट ग्रीकांची. ऑर्फिअस नावाचा गवई. त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. हा तिला परत आणायला पाताळात जातो आणि इतकं चांगलं गातो की तिथला राजा पाघळतो. म्हणतो, घेऊन जा. ती तुझ्या मागून चालत येईल. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. तो अगदी शेवटी वळतो आणि ती कायमची जाते. मग तो एक गाणं गातो. त्या गाण्यासाठीच सगळा ऑपेरा.

सरांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, तेव्हा वर्गात एकानेही विचारलं नाही की मागे का पाहायचं नाही. दुसऱ्या गावात विचारलं असतं. नाशिकमध्ये कोण विचारणार? मी रोज द्वारकेच्या सिग्नलला उभी असते. शेजारच्या रिक्षात कुणीतरी मांडीवर लाल कापडात बांधलेलं गाडगं धरून बसलेलं असतं. रिक्षावाला त्यांना न विचारताच रामकुंडाकडे वळवतो. अस्थी सोडायच्या, पाण्याला पाठ करायची, चालू लागायचं. मागे पाहायचं नाही. हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधी माहीत असतं.

गाणी इटालियनमध्ये आणि मधले संवाद मराठीत, असं ठरलं. इटालियन शब्द सरांनी देवनागरीत लिहून झेरॉक्स वाटल्या. बी.कॉम.ची मुलं कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना ते पाठ करायची. मला वाटून दिलेलं काम होतं ते सगळं कागदावर बसवण्याचं: कोण कुठून येणार, कोणता दिवा कधी, पडदा कधी. नाटकवाले याला क्यू म्हणतात. मी प्रत्येक क्यूला नंबर दिला होता. क्यू चौदा: ऑर्फिअस वळतो. निळा दिवा बंद. मी विंगेतून टॉर्च एकदा लावायचा, की समोर वर बसलेला मुलगा दिवा घालवणार.

"मॅडम, नरकात युनिफॉर्म काय?" कोरसमधल्यांनी विचारलं होतं.

"काळा टी-शर्ट. बनियन चालणार नाही."

"म्हणजे इथल्यासारखंच," एक जण म्हणाला.

ऑर्फिअससाठी सरांना पुरुषाचा उंच आवाज हवा होता. पूर्वी तशी पद्धत होती म्हणे. आम्ही तो नाद सोडून देण्याच्या बेतात होतो. मग एके दिवशी भूषण आला. सटाण्याजवळच्या गावातला, एस.वाय.चा, हॉस्टेलवर राहणारा, उंच, खांदे पुढे पाडून चालणारा. बोलायला लागला की साधा आवाज. गायला लागला आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं, कारण तो आवाज बाईचा होता. बाईचाही नव्हता. हिवाळ्यात पहाटे नळाचं पाणी जसं लागतं ना, तसा लागणारा होता. हसणारं पोरगं दुसऱ्या ओळीला गप्प झालं.

"कुठं शिकलास रे?" सरांनी विचारलं.

"शिकलो नाही सर. आमच्याकडं कांदा निवडायला बाया येतात. आई त्यांच्यात असायची. बाया गायच्या. मी तिथंच बसायचो. त्यांच्यासारखंच तोंडात बसलं."

"आणि पुरुषांसारखं?"

"त्यांच्यासारखं मला येत नाही," तो म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

युरिडिसी होती रूथ. शरणपूरचीच, सरांच्या चर्चमधली, गोल चष्म्याची, कोणाच्या बापाचंही न ऐकणारी. ती पहिल्या दिवशीच भूषणला म्हणाली, "तू माझ्यापेक्षा वर गातोस. मला लाज वाटते. मी चालतच येणार नाही तुझ्यामागं."

"मग मी कशाला वळू?" भूषण म्हणाला.

त्या दिवसांत तो रोज संध्याकाळी आईला फोन करायचा आणि तालमीत काय झालं ते सांगायचा. आणि दुसऱ्या दिवशी आईचं म्हणणं आम्हाला सांगायचा. एकदा कॅन्टीनमध्ये त्याने तिची नक्कल केली, तिच्या अहिराणीत: "इतलं गाणारा माणूस, आनि त्याले इतलं समजत नही? मांगे देखतस का कोणी! तू देखू नको हां, भूषण."

"मग तू काय म्हणालास?" रूथने विचारलं.

"म्हटलं, बरं माय. नाही देखणार."

"अरे मग ऑपेरा कसा संपणार?"

"ती म्हणाली, चांगला संपंल."

सगळ्यात जास्त मी हसले असेन. मला ती बाई आवडून गेली होती, न बघता.

बघितलं ते पुढच्याच महिन्यात. ताप म्हणून आधी घरीच होती. मग सटाण्याला नेलं. मग नाशिकला आणलं. हॉस्पिटल कॉलेजपासून जवळ होतं, त्यामुळे भूषण तालमीतून तिकडे आणि तिकडून तालमीत असं करायचा. मला माणसाच्या दुःखात काय बोलावं ते कधीच सुचत नाही, काम सुचतं. मी तक्ता केला. रात्री सोबतीला कोण, डबा कुणाच्या घरून, रक्त लागलं तर कोणत्या गटाची मुलं वसतिगृहात आहेत, रिपोर्ट आणायला कोण. पोरांनी एकही पाळी चुकवली नाही. नरकातला कोरस ओळीने रक्त द्यायला उभा होता.

एका दुपारची पाळी माझी होती. भूषणचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, खाली चहा प्यायला गेले होते. ती जागी होती. बारीक, हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, बाकीच्या बांगड्या नर्सनी काढून उशाशी ठेवलेल्या. माझा हात धरून तिने विचारलं, "मॅडम, त्याना आवाज असा बाईसारखा. लोके हासतीन का?"

"हसतील," मी म्हणाले. मला खोटं बोलायला वेळ लागतो. "आधी हसतील. मग गप्प बसतील."

तिने मान हलवली. तेवढं तिला पुरलं असावं. "माले दाखाल नेशात ना?" ती म्हणाली. मला दाखवायला न्याल ना. मी हो म्हणाले आणि मनात जागाही ठरवली: तिसरी रांग, मधल्या वाटेची खुर्ची, उठायला बसायला सोपी.

तक्त्यातली सगळी कामं झाली. प्रत्येक चौकोनावर खूण आहे. ती गेली.

आम्ही सगळे कॉलेजच्या ओळखीच्या जीपमधून गावी गेलो. पुरुष पुढे गेले. बायका गावाच्या कडेला थांबल्या, तशी मी आणि रूथ डाळिंबाच्या बागेजवळ रस्त्यावर थांबलो. ओढ्यापलीकडे स्मशान होतं, उघडं, शेड नसलेलं, त्यामुळे सगळं दिसत होतं. भूषण खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरला. नाना त्याच्या कोपराला धरून होते. मडकं मागे पडलं. तिथून आवाज आमच्यापर्यंत यायला क्षणभर वेळ लागला. मग नानांचा आवाज, मोठा, जणू शेताच्या त्या टोकाला हाक मारताहेत: "मांगे देखू नको. चाल. मांगे देखू नको."

तो चालत आला. आमच्याच दिशेने, सरळ. ओले कपडे, हात लोंबते, नजर आमच्यामधून पार कुठेतरी. त्याच्या मागे धूर उठला, मग ज्वाळा. आम्हाला ते दिसत होतं. त्याला नव्हतं. त्याच्या पाठीमागे जे चाललं होतं ते मी आणि रूथ त्याच्या वतीने पाहत होतो, आणि आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं की पाहू नका.

हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. माझे वडील गेले तेव्हा मी घरीच होते. आम्हा बायकांना तिथवर नेत नाहीत, त्यामुळे मागे पाहू नका हे आम्हाला कुणी बजावतही नाही. पुरुष एकदा पाठ फिरवून येतात. आम्ही त्याच घरात, त्याच कपाटासमोर, त्याच चष्म्याच्या केसला हात लावत वर्षानुवर्षं मागे पाहत राहतो. कोणतं सोपं, मला माहीत नाही. मी दोन्हींचा हिशोब मांडून पाहिलाय, जुळत नाही.

परतताना जीपमध्ये रूथ खिडकीशी बसली होती. सटाणा मागे पडलं. मग म्हणाली, "आमच्यात उलटं असतं मॅडम. आम्ही माती टाकतो आणि बुजवेपर्यंत उभे राहतो. नंतर दर नोव्हेंबरला मेणबत्त्या घेऊन परत जातो. आम्ही तर मुद्दाम मागे बघायला जातो."

"बरं वाटतं?" मी विचारलं.

"थंडी वाजते," ती म्हणाली.

भूषण परत आला तेव्हा डोकं तुळतुळीत होतं. गॅदरिंग पुढे ढकलून जानेवारीअखेर गेलं होतं. सर त्याला म्हणाले, "बाळा, तू नाही म्हणालास तरी चालेल. आम्ही एकांकिका करू." तो म्हणाला, "नाना म्हणाले, तिला हौस होती. गा." मी माझ्या सामानाच्या यादीत "विग: एक" असं लिहिलं आणि मग खोडलं. डोक्यावर पानांचं कडं तेवढं ठेवलं. बोडक्या डोक्याचा ऑर्फिअस. नाशिकमध्ये त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नव्हता.

पुढच्या तालमींत एक गोष्ट होत गेली. कुणी ठरवली नाही, कुणी बोललं नाही. पाताळातून वर येण्याचा प्रवेश आला की सर पेटीवरून हात उचलायचे आणि म्हणायचे, "इथं भूषण वळणार. पुढे घ्या." रूथ म्हणायची, "हो, मग मी पडते. पुढे." भूषण मान डोलवायचा आणि सरळ शेवटच्या गाण्यावर जायचा. रंगीत तालमीलाही तसंच झालं. आमच्या माणसांची ही रीतच आहे. ज्याच्या घरी झालंय त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही. गोष्टीचं नाव न घेता तिच्या बाजूने चालत जायचं. इतक्या प्रेमाने आम्ही सगळ्यांनी ते वळणं टाळलं, की ज्या एका क्षणावर अख्खा ऑपेरा उभा होता तो आम्ही एकदाही करून पाहिला नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. स्वेटर, शाली, मफलर, लहान मुलं, पालक. नाना तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या खुर्चीवर. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. त्यांनी ती जागा स्वतःच निवडली होती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

भूषण पहिलं गाणं गायला लागला आणि लोक हसले. मग गप्प बसले. मी विंगेतून हे पाहिलं आणि मला त्या बाईला हे सांगावंसं वाटलं, इतकं साधं, कामाचा निरोप द्यावा तसं: तुम्ही विचारलं होतं ना, तसंच झालं बघा.

पाताळातला राजा प्रसन्न झाला. अट सांगितली गेली. निळा दिवा लागला. भूषण उजवीकडून निघाला, माझ्या विंगेच्या दिशेने, आणि त्याच्या मागे चार पावलांवर रूथ, पांढऱ्या साडीत. स्टेजच्या मध्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. तिथे तो वळणार. माझ्या हातात टॉर्च तयार.

तो फुलीवर आला. थांबला.

रूथने तिची ओळ म्हटली: "एकदा बघ ना माझ्याकडे."

तो उभा.

सरांनी पेटीवर तीच चार आवर्तनं पुन्हा घेतली. व्हायोलिनवाली मुलं त्यांच्याकडे बघत मागोमाग आली. रूथ पुन्हा म्हणाली, "एकदा बघ ना माझ्याकडे." या वेळी किंचित रागाने, ती जशी कॅन्टीनमध्ये बोलायची तशी. तो उभा. नजर सरळ. ती नजर मी ओळखली. डाळिंबाच्या बागेजवळ उभी राहून मी ती एकदा पाहिली होती.

चार आवर्तनं पुन्हा. हॉलमध्ये कुठेतरी मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "वळू नको रे बाळा!" आणि दुसरी कुणीतरी, "नको बघू!" हसण्यातलं नव्हतं ते. सगळा हॉल एका बाजूला झाला होता, आणि ती बाजू त्या ग्रीक गोष्टीची नव्हती. आम्ही इतके आठवडे जो शेवट बसवत होतो तो त्या हॉलमध्ये एकाही माणसाला नको होता.

मी टॉर्च धरून उभी होते. माझ्या तक्त्यात पडदा अडकला तर काय, वीज गेली तर काय, कुणाला घेरी आली तर काय, सगळ्याची सोय होती. ऑर्फिअस वळला नाही तर काय, याची नव्हती. पडदा पाडू शकले असते. टॉर्च लावून दिवा घालवू शकले असते, म्हणजे रूथ आपोआप मेली असती आणि ऑपेरा पुढे गेला असता. दोन्ही माझ्या हातात होतं. अंगठा बटणावर होता. तो दाबला गेला नाही.

रूथने ती ओळ तिसऱ्यांदा म्हटली आणि तिचा आवाज फुटला.

भूषण चालू लागला. फुली ओलांडून, सरळ, माझ्याकडे. विंगेत आला. माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथे वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. त्यांच्याकडे बघत त्याने विचारलं, हळू, "मॅडम, आली का ती?"

मला स्टेज दिसत होतं. फुलीच्या पलीकडे, निळ्या उजेडात, रूथ उभी होती. एक पाऊल पुढे उचललेलं, टेकलेलं नव्हतं. मग तिने ते जागेवरच टेकलं.

त्याच्या प्रश्नाला "हो" हे उत्तर नव्हतं. आणि "नाही" हा शब्द माझ्या तोंडातून बाहेर येईना. हजर-गैरहजर लिहिण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला एका माणसाची हजेरी सांगता आली नाही. मी म्हणाले, "सर थांबलेत. गा."

सरांनी काय ओळखलं कुणास ठाऊक. त्यांनी शेवटच्या गाण्याची सुरुवात वाजवली. आणि भूषण तिथेच, विंगेत, स्टेजकडे पाठ करून, त्या लाल बादल्यांसमोर गायला. लोकांना गाणारा दिसला नाही. त्यांना दिसली फक्त रूथ, एकटी, ऐकणारी. पाताळातून वर आलेला आवाज आणि अर्ध्या वाटेवर थांबलेली ती. इटालियनमधला एक शब्द कुणाला कळत नव्हता. गाणं कुणाला उद्देशून होतं ते पोरांनाही कळलं. तो माझ्या इतका जवळ उभा होता की त्याच्या पाठीचा सदरा श्वासागणिक ताणलेला दिसत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला. मध्येच कशाला.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. निळा दिवा शेवटपर्यंत जळत राहिला, कारण तो घालवायचा क्यू मी कधी दिलाच नाही.

मग नेहमीचा गलका. प्राचार्य आत आले, "मॅडम, शेवट बदलला होता का?" सर म्हणाले, "हो सर, ऐन वेळी." एक पालकबाई रूथला सांगत होत्या, "वाचलीस ना शेवटी! मग तो रडत का होता गं?" रूथने चष्मा पुसला. नंतर मी तिला विचारलं, तू त्याच्या मागे विंगेत का आली नाहीस. ती म्हणाली, "पाऊल उचललं होतं मॅडम. पण मी आत आले असते ना, तर एक सेकंद त्याला वाटलं असतं की तीच आली. आणि मग ती मीच निघाले असते."

नाना विंगेत आले तेव्हा भूषण अजून भिंतीकडेच तोंड करून होता. नानांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चाल, भाऊ," ते म्हणाले. "बरं कयं." बरं केलंस. दोघं मागच्या दाराने बाहेर पडून मैदानातून गेले. गेटपर्यंत दोघांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही. मी दार धरून उभी होते.

निकाल लागल्यावर तो पेढे घेऊन आला. प्रयोगाचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर आलं होतं, सगळ्यांना वाटून झालं होतं. त्याचा मी पुढे केला. त्याने घेतला, हातात फिरवला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"राहू द्या मॅडम तुमच्याकडं. त्यात मागचं सगळं दिसत असंल ना?"

"दिसतं," मी म्हणाले.

"मग मी मागंन तेव्हा द्या."

तो आता सटाण्याकडे एका शाळेत संगीत शिकवतो. दिवाळीला फोन करतो. शाळेतली पोरं किती बेसूर आहेत ते सांगतो, नानांचा गुडघा, डाळिंबाचा बहर, सरांची तब्येत, सगळं विचारतो. पेन ड्राइव्ह मागत नाही. मी आठवण करून देत नाही. माझ्या कपाटात तो खडूच्या डबीत आहे. मीही तो कधी लावून पाहिलेला नाही. मला लावायची गरज नाही.

आज मुलांना तो पाहायचा आहे. त्यांचं चुकत नाही. त्यांना शिकायचंय की निळ्या दिव्यात कसं उभं राहायचं, गाणं विंगेतून कसं येतं. सरांनाही निवृत्तीआधी एकदा पाहायचा असणार, ते बोलले नाहीत एवढंच. आणि भूषणला विचारायचं म्हणजे फक्त परवानगी विचारायची, एका वाक्याचं काम. पण तो "हो" म्हणाला तर त्याच दमात दुसरं काही विचारेल, अशी मला भीती आहे. तीन वर्षांत त्याने 'आली का ती' हे पुन्हा विचारलेलं नाही, पण मी उत्तर दिलेलं नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्या वेळी माझ्यापाशी सरांचं कारण होतं. फोनवर कुणाचं कारण सांगू?

हॉलच्या तारखेसाठी अर्ज दिला. पडदे धुवायला सांगितले. खोकणाऱ्या मुलीला डॉक्टरकडे पाठवलं. इलेक्ट्रिशियनला निळा दिवा बघून ठेवायला सांगितलं. या सगळ्यांवर टिक झाली आहे. ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरलं, अंगणात थंडी आली. दोनदा त्याचं नाव काढून समोर ठेवलं, फोनचा उजेड आपोआप विझला.

भूषणला विचारणे. हे राहिलंय.